संघप्रियाची तिसऱ्या दिवसाची प्लेट

बेंबळीच्या आबारावांची संघप्रिया उंचीनं चार फूट नऊ इंच. शाळेच्या प्रार्थनेला ती सगळ्यात पुढं उभी असायची आणि वर्गाच्या फोटोत कुणाच्या तरी कोपराखाली सापडायची. त्याचं तिला कधी वाईट वाटलं असेल, तर तिनं ते कुणाला दाखवलं नाही. धाराशिवच्या एका धर्मादाय दवाखान्याच्या लॅबमध्ये नोकरी लागली, तेव्हा पहिल्याच दिवशी तिनं घरून एक लाकडी पाट नेला, इन्क्युबेटरसमोर टाकला आणि त्यावर उभी राहून वरच्या फळीवरच्या प्लेटा बघायला लागली. याला आता अकरा वर्षं झाली. इन्क्युबेटर दोनदा बदलला, पाट तोच आहे.

प्लेट म्हणजे झाकणाची चपटी डबी. तिच्या तळाशी जंतूंचं खाणं थिजवून ठेवलेलं असतं. रोग्याची लघवी, पू, जे काही आलं असेल ते त्यावर फासायचं, उबेला ठेवायचं आणि काय उगवतंय ते बघायचं. उगवलं की त्याच्यावर कुठलं औषध चालतं ते तपासायचं आणि कागदावर सही करून वॉर्डात पाठवायचं. काम एवढंच. पण त्या कागदावर वॉर्डातले डॉक्टर डोळे मिटून विश्वास ठेवतात, म्हणून लॅबवाल्यांनी मिटायचे नसतात.

दवाखान्याचा नियम असा, की लघवीत बुरशी आहे का हे बघायला प्लेट दोन दिवस ठेवायची. काही उगवलं नाही तर कागदावर तसं लिहायचं आणि प्लेट फेकायची. संघप्रिया मात्र तीन दिवस ठेवायची. तिला कुणी असं सांगितलं नव्हतं आणि जादा पगारही मिळत नव्हता. झालं होतं असं, की ती एकदा आठ दिवसांच्या प्रशिक्षणाला संभाजीनगरला गेली होती. तिथं जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर एका म्हाताऱ्या बाईंनी पडद्यावर यीस्टच्या काही बारीक कॉलन्या दाखवल्या. यीस्ट म्हणजे एकेका पेशीची बुरशी, पाव फुगवते तिच्या भावकीतली, आणि कॉलनी म्हणजे त्या पेशींचा प्लेटवर दिसणारा ठिपका. "ह्या बुटक्या असतात, उशिरा उगवतात आणि औषधाला दाद देत नाहीत," बाई म्हणाल्या. सगळ्यांचं लक्ष बाहेरच्या भाजीच्या वासाकडं होतं. आमची संघप्रिया मात्र बुटक्यांचा विषय निघाल्यामुळं कान देऊन बसली होती.

तेव्हापासून तिची ही तिसऱ्या दिवसाची खोड. लॅबमध्ये त्यावरून तिची यथेच्छ चेष्टा व्हायची. सगळ्यात पुढं असायचा बब्रुवान. हा भूम तालुक्यातल्या ईटचा, लॅबचा सगळ्यात जुना शिपाई. वापरलेल्या प्लेटा इन्क्युबेटरमधून काढायच्या, मोठ्या कुकरमध्ये घालून वाफेवर मारायच्या आणि मग टाकून द्यायच्या, हे त्याचं काम. कुणी ते काम लांबवलं की त्याचं डोकं फिरायचं.

"ताई, ही प्लेट आता आपल्यातच ऱ्हाणार म्हना की," तो म्हणायचा. "आधार कार्ड काढू का हिचं?"

"उद्यापर्यंत राहू द्या काका."

"तुमचा उद्या लई लांबचा असतोय."

घरीही तेच. तिचा नवरा सुगत एसटीच्या डेपोत मेकॅनिक. आपल्या घरात विरजणाच्या भांड्यालासुद्धा तारखेची चिठ्ठी लागते, असं तो आल्यागेल्याला हौसेनं सांगतो. इतक्या वर्षांत त्या तिसऱ्या दिवशी फारसं काही उगवलं नव्हतं, हेही खरंच. पण सवय पडली ती पडली.

आणि ज्या एका वेळी ती सवय कामी यायची होती, नेमकी तेव्हाच तिनं ती मोडली.

गौराबाई तुळजापूरची. देवळाकडं जाणाऱ्या रस्त्याला कवड्यांच्या माळा विकायची. साठीची बाई, अंगानं दणकट आणि आवाजानं त्याहून. सोलापूरची गाडी लागली की तिची हाक पार मागच्या सीटवर झोपलेल्यापर्यंत पोचायची. तिला साखरेचा आजार होता, त्यात मुतखडा अडकला, किडनीत पाणी तुंबलं आणि ताप चढला. दवाखान्यात पाठीतून नळी घालून ते पाणी काढलं. त्यात कँडिडा नावाची यीस्ट-बुरशी निघाली, ग्लाब्राटा जातीची. प्लेटवर हिच्या चांगल्या टपोऱ्या, पांढऱ्या कॉलन्या आल्या होत्या आणि फ्लुकोनाझोल नावाच्या औषधाला ती दबत होती. ते औषध भरपूर मात्रेत सुरू झालं. दोन आठवड्यांत ताप उतरला आणि गौराबाईचा आवाज परत आला, इतका की शेजारच्या खाटेवरच्या बाईनं खाट बदलून मागितली.

आता एकच गोष्ट राहिली होती. नळीतली लघवी पुन्हा एकदा तपासायची. बुरशी नसेल तर औषध बंद, नळी बाहेर आणि गौराबाई घरी. बुरशी असेल आणि तरी नळी काढली, तर ती आत तुंबून रक्तात उतरणार. साखरेच्या रोग्याला मग वाचवणं अवघड. हे गौराबाईला माहीत नव्हतं. संघप्रियाला माहीत होतं.

नमुना आला तो येळ अमावस्येच्या तीन दिवस आधी.

येळ अमावस्या म्हणजे काय, हे आपल्याकडच्या माणसाला सांगायची गरज नाही आणि बाहेरच्याला सांगून पटत नाही. मार्गशीर्षातल्या त्या दिवशी सगळा जिल्हा शेतात असतो. दुकानं बंद, रस्ते ओस, आणि रानोमाळ कडब्याच्या कोपी म्हणजे खोपटी, पालेभाज्यांची भज्जी, खीर, बाजरीचे उंडे आणि मडक्यात आंबवलेली आंबील. ज्याला शेत नाही त्याला दहा शेतांची बोलावणी असतात. संघप्रियाच्या आजोबांनी छप्पन साली बौद्ध झाल्यावर कोपीतली पूजा बंद केली. पण आजीनं आंबील काही बंद करू दिली नाही. बेंबळीच्या त्यांच्या दोन एकरांत आजही कोप उभी राहते, आत आंबिलीचं मडकं, म्हणजे बिंदगी, ठेवतात आणि मिळून जेवतात.

तर अमावस्येच्या आदल्या दिवशी दुपारी लॅब लग्नाच्या घरासारखी गडबडलेली होती. जो तो निघायच्या घाईत. संघप्रियाला आईचा फोन तीनदा येऊन गेला होता. भज्जीचा पाला निवडायला कुणी नव्हतं. तिनं पाटावर चढून गौराबाईची प्लेट पाहिली. दोन दिवस पुरे झाले होते. प्लेट स्वच्छ. एका कडेला पीठ सांडल्यासारखं काही तरी वाटलं, पण खिडकीतलं ऊन डोळ्यावर येत होतं. उद्या सुट्टी, परवा रविवार. तिसऱ्या दिवसासाठी हा कागद अडवला असता, तर गौराबाई सोमवारपर्यंत खाटेवर अडकली असती, आणि ती तर सकाळपासून वॉर्ड डोक्यावर घेऊन बसली होती, की मला अमावस्येला घरी सोडा.

संघप्रियानं लिहिलं, बुरशी आढळली नाही. खाली सही केली. वरचे सर रजेवर होते, तेव्हा तिच्या सहीवरच कागद जाणार होता.

"काका, एवढ्या प्लेटा काढून कुकरला लावा अन् मग जावा," असं बब्रुवानला सांगून तिनं स्कूटी काढली.

दुसऱ्या दिवशी बेंबळीच्या शेतात तिच्या आईनं, सरुबाईनं, दोन बिंदग्या मांडल्या होत्या. एक आंबील छान आंबली होती. दुसरी, थोरली, मागाहून येणाऱ्या पाहुण्यांसाठी, तिच्यावरून सकाळपासून आबारावांची कुरकुर चालू होती.

"ती थोरली मेलेली हाय," आबाराव म्हणाले. "दोन दिस झालं, हालचाल न्हाय का वास न्हाय. वतून दे बांधाला."

"काल सांच्यापातुर मेलेली व्हती," सरुबाई म्हणाली. "आज बघा की येऊन. समद्यांची येळ एक असतीया व्हय?"

संघप्रियाच्या हातात आंबिलीचा गिलास होता. लसूण-जिऱ्याचा वास नाकात गेला होता, फक्त ओठ लागायचे बाकी होते. तिनं आपलं सहज त्या थोरल्या बिंदगीत डोकावून पाहिलं. वरच्या पांढऱ्या थरावर बारीक, मोहरीपेक्षाही बारीक बुडबुडे येत होते. एक फुटला. मग दुसरा.

तिला ती प्लेट आठवली. कडेला सांडलेलं पीठ आठवलं. प्लेटवर पीठ कुठून सांडेल?

तिनं गिलास खाली ठेवला. आज दुपारी चारला गौराबाईची नळी निघणार होती. तिनं फोन काढला तर रानात टॉवर नाही. बांधावर चढली, तरी नाही. मग "आले मी" एवढंच म्हणून ती निघालीच. सरुबाई मागून ओरडत राहिली, "अगं, घोटभर पिऊन तर जा!"

बेंबळी ते धाराशिव वीसेक किलोमीटर. येळ अमावस्येला त्या रस्त्यावरून गाडी चालवणं म्हणजे एक परीक्षाच असते, कारण दुतर्फा शेतात बसलेली माणसं दिसेल त्या वाटसरूला जेवायला बोलवतात आणि नाही म्हटलेलं त्यांना चालत नाही. संघप्रियाला रडू येत होतं, आणि दर फर्लांगाला कुणी तरी हात करून म्हणत होतं, "या बाई, आंबील प्या!" एकजण तर गाडीच्या आडवाच आला. त्याला तिनं अशा काही नजरेनं पाहिलं, की तो बिचारा आपण होऊन बाजूला झाला. फोनला टॉवर आला तेव्हा तिनं वॉर्डात फोन लावला. नुसता वाजत राहिला.

आणि सगळ्यात मोठी भीती ती नव्हतीच. बब्रुवाननं सांगितलेलं काम केलं असेल, तर ती प्लेट कालच वाफेवर शिजून गेली होती. मग हातात काय घेऊन डॉक्टरांपुढं उभं राहायचं? पीठ दिसलं होतं म्हणून?

तीन वाजता वॉचमनकडून किल्ली घेऊन तिनं लॅब उघडली. कुकर कोरडा ठणठणीत होता. तिनं इन्क्युबेटर उघडला. सगळ्या प्लेटा जिथल्या तिथं. बब्रुवानला ईटची दोनची गाडी गाठायची होती आणि त्यानं आयुष्यात पहिल्यांदा काम सोडून पळ काढला होता. संघप्रियानं मनातल्या मनात त्या माणसाचे पाय धरले.

पाटावर उभी राहून तिनं प्लेट उजेडाला तिरपी धरली. सुईच्या टोकाएवढे ठिपके होते. एक दोन नव्हे, शेकड्यांनी. त्यातला एक तारेच्या टोकानं उचलून तिनं काचपट्टीवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. लांबट गोल पेशी, कडेला बारीक कोंब फुटलेले. यीस्ट होतं, आणि मेलेलं नव्हतं.

वॉर्डात डॉक्टर राजेश्वरी हातमोजे घालत होत्या. या कोल्हापूरकडच्या, त्यांच्याकडं येळ अमावस्या नसते, म्हणून दरवर्षी त्या दिवशीची ड्युटी त्यांच्याच गळ्यात. गौराबाई नवं लुगडं नेसून, गाठोडं बांधून खाटेवर बसली होती. तिचा पुतण्या खाली जीप घेऊन आला होता आणि शेतावर तिची वाट बघत सगळे खोळंबले होते.

"मॅडम, नळी काढू नका," संघप्रिया दारातूनच म्हणाली. "बुरशी आहे."

राजेश्वरींनी केसपेपर उचलला. "यात तर नाही म्हटलंय. ही सही कुणाची?"

आता इथं सांगण्यासारखं बरंच काही होतं. नियमाप्रमाणे दोन दिवस पाहिली होती. ऊन डोळ्यावर होतं. सर रजेवर होते. त्यातलं एकही खोटं नव्हतं.

"माझीच आहे," संघप्रिया म्हणाली. "म्या नीट बघितलं न्हाय." घाबरली की ती बेंबळीवर येते.

राजेश्वरींनी केसपेपर खाली ठेवला. मग त्यांनी हातमोजे काढले.

"बरं. नळी राहू दे."

यावर गौराबाईनं जे तोंड सोडलं, ते सगळं इथं लिहिता येणार नाही. "कोन ही बुटकी? माझी अमावस्या मोडाया आली व्हय गं? तिकडं समदे आंबिलीवर बसल्यात, अन् हिला आजच बुरशी घावली!" नवं लुगडं नेसलेली गौराबाई गाठोड्यावर हात मारून रडायला लागली. संघप्रिया तिथंच उभी राहून ऐकत राहिली. शिव्या बरोबर माणसाला पडत होत्या.

त्या रात्री गौराबाईला पुन्हा ताप भरला.

पुढच्या चार दिवसांत सगळं उघड झालं. गौराबाईच्या पहिल्या नमुन्यातलं यीस्ट संघप्रियानं जपून ठेवलं होतंच, फेकणं तिच्या स्वभावात नाही. तिनं जुनं आणि नवं शेजारीशेजारी लावलं. फ्लुकोनाझोलची टिकली मधे ठेवली, तर जुन्यानं तिच्याभोवती मोकळं रिंगण सोडलं आणि नवं थेट टिकलीला जाऊन भिडलं. मग तिनं साखरेऐवजी ग्लिसरीन घालून प्लेटा बनवल्या. जुनं त्यावर मजेत वाढलं. नवं उगवलंच नाही.

बब्रुवान ईटहून परत आला होता आणि आपण काय करून बसलो हे कळल्यापासून गरीब गाईसारखा वागत होता. तो त्या कोऱ्या प्लेटकडं बघून म्हणाला, "ही तर मेली की."

"मेली नाही काका. तिची चूल विझलीय. पेशीत साखर पुरती जाळायला एक चूल असते, मायटोकॉन्ड्रिया म्हणतात. ग्लिसरीन फक्त त्या चुलीवरच जळतं. हिची चूल विझली, मग ग्लिसरीनवर ती उपाशी."

"मग गौराबाईच्या अंगात कशी जगली?"

"साखर आंबवून. आंबवून ताकद थोडीच मिळते, पण जगण्यापुरती मिळते. म्हणून हळू वाढते, बुटकी राहते."

"म्हंजी शेतातली थ्री फेज गेली, अन् घरच्या सिंगल फेजवर भागवायचं."

"अगदी तसंच. पण चूल विझली की पेशीत बोंब उठते, आणि त्या बोंबेनं तिच्या भिंतीतले पंप जोरात चालू होतात. औषध आत आलं की बाहेर फेक, आलं की बाहेर फेक. दोन आठवडे आपण औषध देत होतो, त्यात टपोऱ्या मेल्या आणि ह्या मागं राहिल्या."

बब्रुवान विचारात पडला. त्याच्या घरची विहीर होती, त्याला पंप कळत होता. "सिंगल फेजवर एवढा पंप वढतोय व्हय?"

"हिचा ओढतो," संघप्रिया म्हणाली. "तेच तर दुखणं आहे."

"अन् ताई..." तो आवाज खाली आणून म्हणाला, "म्या त्या दिशी काम केलं असतं, तर?"

"ते मोठ्यानं बोलू नका काका."

औषध बदललं. हे नवं शिरेतून द्यायचं, आणि ते किडनीलाच जड, म्हणून रोज रक्त तपासत, हात राखून द्यावं लागलं. मधले पाच दिवस वाईट गेले. गौराबाईचा आवाज पार बसला आणि शेजारची बाई आपण होऊन जुन्या खाटेवर येऊन तिचा हात धरून बसायला लागली. संघप्रिया रोज सकाळी वॉर्डाच्या दारातून डोकावून जायची, आत जायची नाही. तिसऱ्या आठवड्यात नळी निघाली. गौराबाई घरी गेली तेव्हा जिन्यातून तिचा आवाज लॅबपर्यंत आला, आणि संघप्रिया पाटावर उभ्या उभ्या रडली. बब्रुवाननं हे पाहिलं आणि चेष्टा केली नाही, यावरून काय ते समजा.

वरच्या सरांपुढं तिनं स्वतः सगळं लेखी दिलं. सरांनी कान उपटले, आणि नियमात दोनच्या जागी तीन दिवस लिहिले. बब्रुवान आता कुणीही दुसऱ्या दिवशी प्लेट टाकायला दिली, तर घेत नाही.

पुढच्या येळ अमावस्येला संघप्रियानं ड्युटी मागून घेतली. दुपारी लॅबच्या व्हरांड्यात स्टीलची बरणी घेऊन गौराबाई हजर. तपासणीला आली होती, डॉक्टरांनीच तिला इकडं धाडलं होतं.

"तूच न्हवं ती? मला वाचिवणारी?" ती म्हणाली. "मला दाव कसली बुरशी ती."

संघप्रियानं जपून ठेवलेली प्लेट काचेआडून दाखवली. गौराबाईनं डोळे बारीक केले. "हे एवढंसं? माझ्या कवडीच्या दातात ऱ्हाईल की हे."

"मावशी," संघप्रिया म्हणाली. वर्षभर हे तिच्या छातीवर बसून होतं. "मी वाचवलं नाही. अमावस्येच्या आदल्या दिवशी बुरशी नाही म्हणून कागद गेला, तो माझाच होता. मला शेतात जायची घाई होती. आंबिलीसाठी."

गौराबाईनं बरणी कठड्यावर टेकवली.

"अन् मग आलीस कवा परत?" तिनं तिच्या मानानं हळू आवाजात विचारलं.

"दुसऱ्या दिवशी. जेवायच्या आधी."

"म्हंजी आंबील?"

"गिलास तसाच ठेवून आले."

गौराबाईनं बरणीचं झाकण फिरवलं. लसूण-जिऱ्याचा वास व्हरांड्यात पसरला. तिनं पदराखालच्या पिशवीतून दोन गिलास काढले, दोन्ही काठोकाठ भरले आणि एक संघप्रियाच्या हातात दिला.

"माझीबी त्या साली ऱ्हाईलीच की गं," ती म्हणाली. "बस इथं. आधी गेल्या सालची पिऊ."